इरकलीचा लाल काठ

नाशिक, सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

चि. महेश यास ताईचे भरपूर आशीर्वाद.

फोन सोडून पत्र का, म्हणून हसशील. हस बापडा. आमच्या फ्लॅटच्या भिंती पुठ्ठ्याच्या आणि तुझ्या दाजींचे कान तिखट. आणि लिहायचंय ते त्यांच्याबद्दलच.

कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही स्कूटर काढणाऱ्या या माणसाने जूनमध्ये सायकल घेतली. आता दर रविवारी तुमच्या हरसूल रस्त्यावरच्या राखीव जंगलात जातात. सायकल ठेवून म्हणे डोंगरात पायी हिंडतात. एकटेच! सोसायटीतल्या सायकलवाल्यांनी बरोबर चला म्हटलं तर नको. मी एसटीने येते म्हटलं तर चेहरा असा केला, की जणू मी त्यांचं पेन्शनच मागितलं.

आणखी ऐक. परवा हे गिरणीतून दळण आणायला गेले आणि हात हलवत आले. गिरणी बंद होती म्हणाले. उघडी होती, मी गॅलरीतूनच बघत होते. गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या उज्वलाच्या दारात उभे सापडले. ती एकटी राहते. काय काम होतं विचारलं तर कसनुसं हसले. आणि गेल्या भाऊबीजेला तू दिलेली इरकल मी यंदा का नेसले नाही, असं विचारलंस ना? तिचा लाल काठ कोणीतरी कात्रीने कापून नेलाय. इतका सरळ, की उंदरावर आळ घ्यायचीही सोय नाही. घरात आम्ही दोघंच. बायकोच्या साडीचा काठ कोणी कोणाला नेऊन देतं का रे?

तू तिथून जवळ आहेस. एका रविवारी जा आणि लपून बघ. मला झोप लागत नाही.

पोळ्या आणि शंका दोन्ही भाजत बसलेली,
तुझी ताई, उत्तरा


हरसूल, १७ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस महेशचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझ्या गुप्तहेराने काल कामगिरी बजावली. गुडघा फुटला, पॅन्ट फाटली, आणि शाळेत पोरांना काय सांगावं ते अजून ठरत नाही.

आधी तुझ्या जिवाला गार वाटेल ते सांगतो. जंगलाचा पहारेकरी भिकन ओळखीचा आहे. त्याचं म्हणणं, साहेब लय साधा माणूस हे, बाई-बिई कोणी नाय. दाजी दुसऱ्या फाटकापाशी सायकल लावतात आणि सागाच्या झाडीतून वर पठारावर जातात. मीही मागून गेलो. वाळक्या पानांचा एवढा आवाज झाला, तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. पठारावर बसून त्यांनी तुझी मेथीची पोळी खाल्ली आणि आल्या वाटेने परत फिरले. कोणी भेटलं नाही.

इथेच थांबणार होतो, पण उद्या कळलं तर तू मला उभा चिरशील. ताई, वाटेवरच्या काही झाडांना लाल चिंध्या बांधल्यात. तो काठ मी ओळखला, मीच निवडला होता. परतताना दाजी प्रत्येक चिंधीला हात लावून पुढे जात होते. पाड्यावरच्या बायकांना तो कोणाचा तरी नवस वाटतो, म्हणून त्या शिवत नाहीत. मला यात काय आहे ते कळलं नाही, आणि आवडलंही नाही.

तुझी माया अशीच राहो, हेरगिरी मात्र पुन्हा सांगू नकोस.
तुझा महेश


नाशिक, २२ नोव्हेंबर २०२५

चि. महेश, आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मी बी.एस्सी. झालेली बाई, करणी-बिरणी मानत नाही. पण माझ्या अंगावरची साडी फाडून जंगलात झाडांना बांधायची, तिला हात लावत फिरायचं, ह्याला दुसरं काय म्हणू? आता आठवतं, दिवाळीच्या साफसफाईत आमच्या जिन्याच्या कठड्यालाही असली एक चिंधी होती. धुळीने माखलेली, म्हणून ओळखली नाही. ओढून कचऱ्यात टाकली. उज्वलाच्या दाराला नेहमी लिंबू-मिरची असते, हेही काल नीट बघून आले. एकाचा दुसऱ्याशी संबंध नसेल, असं मला सांगू नकोस.

तू पुरुष म्हणून त्यांना पाठीशी घालत नाहीस ना? नसशील तर पुढच्या रविवारी ते यायच्या आत जा आणि एकूण एक चिंधी सोडून आण. मग बघू त्यांचं तोंड कसं होतं ते.

चाळीस वर्षं ज्याच्या ताटात वाढलं, त्याच्याकडे चोरून बघायची वेळ आलीय रे.

तुझ्यावर अजून विश्वास ठेवणारी,
ताई


हरसूल, शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस नमस्कार.

सांगितलंस तसं केलं. शाळा सुटल्यावर गेलो आणि सगळ्या चिंध्या सोडून पिशवीत भरून आणल्या. गाठी घट्ट नव्हत्या, जपून मारलेल्या होत्या.

एक गोष्ट मात्र खटकली. चिंध्या सगळीकडे नाहीत. सरळ वाटेवर एकही नाही. जिथे वाटेला फाटे फुटतात, तिथेच आहेत, आणि उतरताना दिसतील अशा बाजूला. करणी करणारा एवढा हिशोब कशाला करेल? ताई, आपण दाजींनाच सरळ विचारू या का?

राग मानू नकोस. तुझा,
महेश


नाशिक, दत्तजयंती, ४ डिसेंबर २०२५

चि. महेश यास आशीर्वाद, आणि हात जोडते.

तुझं शेवटचं पत्र मला मंगळवारी मिळालं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. रविवारी दिवस कलला तरी ते आले नाहीत म्हणून मी तुला फोन केला, आणि तू आणि भिकनने त्यांना पलीकडच्या ओढ्याकाठी शोधून काढलंत. एकेका सागाच्या बुंध्यावरून हात फिरवत ते काहीतरी शोधत होते, हे तू फोनवर रडत सांगितलंस. तू रडू नकोस. तुला जंगलात पाठवणारी मी.

त्यांनी सगळं सांगितलं. मे महिन्यात ते एकटेच डॉक्टरांकडे जाऊन आले होते. विसरण्याचा आजार आहे, सुरुवात आहे, चालत-फिरत राहा, असं डॉक्टर म्हणाले. मला सांगितलं असतं तर मी घराबाहेर पडू दिलं नसतं म्हणे, आणि ते खरंच आहे. म्हणून दर रविवारी ते स्वतःची परीक्षा घ्यायला जात. ज्या रविवारी चिंधीकडे न बघता खाली उतरता येईल, त्या दिवशी मला सांगणार होते, की आजार मोठा नाही. तो रविवार आलाच नाही.

माझीच साडी कशाला, म्हणून मी चिडले. तर म्हणाले, रिबीन कोणाचीही असू शकते. तुझा काठ दिसला की इकडे घर आहे हे कळतं. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

त्या दिवशी त्यांना गिरणी सापडली नव्हती. आणि जिन्यातली चिंधीही त्यांचीच, आपला मजला ओळखायला बांधलेली. दिवाळीनंतर ती दिसेना, म्हणून एक मजला जास्त चढले आणि उज्वलाच्या दारात जाऊन उभे राहिले. मी त्या बिचारीशी आजवर नीट बोललेले नाही.

तू आणलेल्या चिंध्या धुऊ नकोस, तशाच ठेव. रविवारी मी एसटीने फाटकापाशी येते, तू त्यांच्या सायकलीबरोबर सायकल चालव. आपण तिघं मिळून त्या होत्या तिथे बांधू.

आज मी उरलेल्या इरकलीच्या दुसऱ्या बाजूच्या काठालाही कात्री लावली आणि पहिला तुकडा जिन्याच्या कठड्याला बांधला. त्यांना सांगितलं नाही. संध्याकाळी ते फिरून आले तेव्हा दाराआड कान लावून उभी होते. पावलं कठड्यापाशी थांबली, बराच वेळ थांबली, आणि मग आपल्याच दाराची बेल वाजली.

तुझा लोभ आम्हा दोघांनाही लागणार आहे. तो राखून ठेव.
तुझी ताई, उत्तरा