नळीवर कोरायचं नाव

१४ मार्च

ठरलं! यंदा स्वतःचं काडतूस काढायचं. दुकानातलं नाही — मी आखलेलं, मी भरलेलं. जमिनीत बिळं करणाऱ्या खारी मारायला, अगदी बारीक गोळीचं. आणि रायफलच्या नळीवर माझं नाव कोरलेलं : पॉइंट सतरा ब्रेक्के. पॉइंट सतरा म्हणजे इंचात गोळीची जाडी, ब्रेक्के म्हणजे मी.

आमच्याकडे तशी रीतच आहे. जुन्या काडतुसाच्या पितळी पुंगळीची मान आवळून, तिचे खांदे बदलून कोणी नवं काडतूस काढलं की ते त्याच्याच नावानं चालतं. माणूस जातो, नाव राहतं. मी जन्मभर काउंटीच्या मातीच्या रस्त्यांवर ते सपाट करणारा ग्रेडर फिरवला. एक पाऊस आला की रस्ता पुन्हा होता तसा. निवृत्त झाल्यापासून खिडकीशी बसून दुसऱ्याचा ग्रेडर बघतोय. आणि तो पोरगा वळणावर रोज चुकतो. रोज!

कॅफेत मिलोला सांगितलं. मिलो म्हणजे शेजारचा, जमीन विकून गब्बर झालेला. त्याची रायफल माझ्या पिकअपपेक्षा महाग. ॲपल पाय खाताखाता म्हणाला, "आर्लो, या गावात तुझ्या नावाचा एक खड्डा तरी आहे का?"

सगळे हसले. वेट्रेससुद्धा. तिच्या लग्नाला मी केवढा आहेर केला होता.

१६ मार्च

कागदी रुमालावर पुंगळीचं चित्र काढलं. छान जमलंय. व्हर्नाला दाखवलं. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, खांदे जरा उभे हवेत. मी म्हटलं, तू तुझा केक बघ. ती केक बघायला गेली.

बायकोला चित्र दाखवायचं म्हणजे असंच होतं.

२० मार्च

रुडीच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती, त्याच्याच आकाराची खोली कोरायला त्या मापाचं हत्यार लागतं — रीमर. नवा बनवून घ्यायचा तर, रुडी म्हणाला, तुझी रायफल, पिकअप आणि ती कुत्री विकून बघ, जमेल कदाचित. कुत्री कोणी घेणार नाही हे त्यालाही ठाऊक आहे.

घरी येऊन जेवलो नाही. व्हर्नानं कारण विचारलं. सांगितलं. पुन्हा खिडकीशी बसलो.

२३ मार्च

रुडीचा फोन! त्याच्या वडिलांच्या खणात एक जुना रीमर सापडला म्हणे, तेलकट कागदात गुंडाळलेला. वर नाव नाही, नंबर नाही. माझ्या चित्राशी जवळजवळ जुळतो, फक्त खांदे थोडे उभे. "तू चित्र बदल, मी फुकटात कोरून देतो. पुंगळ्यांचा साचाही त्यावरूनच करू." नळी कोणाच्या तरी टाकून दिलेल्या रायफलची. झिजलेला भाग कापून टाकायचा.

चित्र बदललं. नवं काही काढायचं तर माणसानं हट्टी असून चालत नाही. शिवाय नीट विचार केला तर उभे खांदे माझ्याही मनात होतेच. व्हर्नाला हे सांगायची गरज वाटली नाही.

५ एप्रिल

पुंगळ्यांच्या माना आवळतोय. म्हणजे मोडतोय. ग्रीस जास्त झालं तर खांद्याला पोचा, कमी झालं तर पुंगळी साच्यात अडकून बसते. अर्ध्याअधिक कचऱ्याच्या डब्यात गेल्या. चिडचिड नुसती!

व्हर्ना धुणं घेऊन जाता जाता थांबली. मान आधी मेणबत्तीवर धरायची म्हणाली, बूड बोटांत पकडून. बोटांना चटका बसला की ओल्या फडक्यावर टाकायची. पितळ नरम होतं.

कुठे वाचलंस? तर म्हणे, बायकांच्या मासिकात.

करून पाहिलं. एकही मोडली नाही. हल्ली बायकांच्या मासिकात काय काय छापतात!

१२ एप्रिल

रुडीनं रायफल तयार करून दिली. आज पुंगळ्या फुगवल्या. खांदे नव्या खोलीत नीट बसावेत म्हणून पहिला बार गोळीशिवाय काढतात : थोडी बारूद, वर रवा, तोंडाला साबणाची चकती. नळी आभाळाकडे धरायची आणि चाप ओढायचा. गोळीचे पैसे वाचतात. रवा व्हर्नाचा, नाश्त्याचा, दुधात शिजवायचा. मी त्याला कधी तोंड लावत नाही, म्हणून कोणाचं नुकसान नाही असं धरलं.

पुंगळ्या अशा सुबक निघाल्या की काय सांगू! पण भाजलेला रवा सगळ्या अंगणात पडला. वाळत घातलेल्या चादरींवरही. कोंबड्या आधी घाबरल्या, मग वेचायला लागल्या, आणि शेवटी शेवटी तर बार झाला की धावतच यायच्या.

१३ एप्रिल

नाश्त्याला रवा नाही. व्हर्ना बोलत नाहीये.

१९ एप्रिल

गोळ्या तांदळाएवढ्या. माझी बोटं ग्रेडरच्या दांड्यांना सवकलेली. निम्म्या गोळ्या टेबलाखाली जातात, आणि टेबलाखाली कुत्री. बारूद घालायचं नरसाळं त्या मानेला मोठं पडतं. मी औषधाच्या ड्रॉपरचं टोक कापून जोडलं. चालतंय.

दुपारी कुंपणावरून कागदावर नेम धरला तर कोंबड्या नळीसमोर येऊन उभ्या. बार म्हणजे जेवण अशी त्यांची पक्की समजूत. कोंडून ठेवल्या.

पाच गोळ्या मारल्या. मिलो बघायला आला होता — येताना घरून जेवायचं ताट घेऊन. कागदावर ताट ठेवून पाहिलं, भोकं झाकतात का. एक बाहेरच राहिलं. "पुढच्या वेळी परात आणतो," म्हणाला.

नाकाला मिरच्या झोंबल्या. ठीक आहे. वेग वाढवायला हवा. बारूद वाढवतो.

२६ एप्रिल

बारूद वाढवली. भोकं आणखी पांगली. शेवटच्या बाराला पुंगळीच्या बुडाची, ठिणगी पाडणारी टोपी फुटली, चेहऱ्यावर धूर आला. चष्मा होता म्हणून बरं.

व्हर्नानं चेहरा पुसून दिला. हळूच म्हणाली, "कमी घाल, आर्लो. तिला घाई चालत नाही."

तिला म्हणजे रायफलला असणार. पण किती घरच्यासारखं बोलली! भीतीनं असेल.

३ मे

बारूद कमी केली. कमी म्हणजे आधी होती त्याच्याही खाली, मला लाज वाटेल इतकी.

पाचही गोळ्या एका नाण्याखाली!! दुर्बिणीतून भोकं पडताना दिसत होती. धक्काच नाही मुळी. मी अंगणात एकटाच नाचलो. कुत्रीही नाचली.

आता खारी. मिलोच्या कुरणात बिळंच बिळं झालीत, गेल्या वर्षी त्याची घोडी पाय मोडून बसली. तरी हा पठ्ठ्या मला आत येऊ देत नाही. म्हणतो, आधी सर्वांसमोर मारून दाखव.

१७ मे

कॅफेत पैज लागली. जूनच्या पहिल्या शनिवारी, मिलोच्या कुरणात, पाच-पाच गोळ्या. मी जिंकलो तर रुडी नाव कोरणार आणि कुरण माझ्या शिकारीला मोकळं. मिलो जिंकला तर — हे त्यानं ॲपल पाय संपवून, तोंड पुसून, सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं — माझ्या नळीवर त्याचं नाव. पॉइंट सतरा स्टेनेरूड!

मी हो म्हणून बसलो. मेल्यावर लोक माझी रायफल हातात घेऊन म्हणतील, वा, मिलोचं काडतूस!

६ जून

सगळं गाव आलं होतं. सँडविचेस, लोणची, कॉफीचे थर्मास. रुडी पंच.

आधी मिलो. त्याच्या महागड्या रायफलनं पाच गोळ्या मारल्या आणि नाण्यानं जेमतेम झाकल्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं. वारा तर असा की टोप्या उडत होत्या.

मी पोटावर झोपलो. व्हर्ना शेजारी सतरंजीवर विणत बसली होती. चार गोळ्या एकात एक गेल्या. पाचवीला चापावर बोट ठेवलं आणि ती विणकामातून मान वर न करता म्हणाली, "गवत बघ. वारा पडू दे."

थांबलो. गवत उभं राहिलं. मारली.

नाणं ठेवायची गरजच पडली नाही. पाचांचं मिळून एकच भोक, शर्टाच्या बटणाएवढं. मिलोनं तो कागद उन्हात धरून पाहिला, उलटा करूनही पाहिला. मग हात पुढे केला. माणूस तसा वाईट नाही.

रुडी म्हणाला, सोमवारी ये. कोरतो.

झोप येत नाहीये. पॉइंट सतरा ब्रेक्के! उद्या चांगला शर्ट काढून ठेवायचा. फोटो घेतील.

७ जून

चांगल्या शर्टाचं बटण तुटलेलं. व्हर्ना चर्चला गेली होती, म्हणून तिचा बटणांचा डबा मीच उपडा केला. तळाशी फ्लॅनेलचं गाठोडं निघालं. आत पुंगळ्या. जुन्या, काळवंडलेल्या. बारीक मान. उभे खांदे.

आधी वाटलं, माझ्याच. पण माझ्या तर सगळ्या कपाटात! एक रायफलमध्ये घालून मागचा बोल्ट सरकवून बंद केला. अलगद बसली. मी आखलेल्या खोलीत, मी आखण्याआधीची पुंगळी.

ती आली तेव्हा मी टेबलाशी बसलो होतो, पुंगळ्या समोर. तिनं हॅट काढली. कॉफी ठेवली. मग बसली.

लग्नाआधीची गोष्ट. काउंटी तेव्हा मारलेल्या खारींच्या शेपटीमागे पैसे द्यायची. हिनं चित्र काढलं, रुडीच्या वडिलांनी तसा रीमर घासून दिला. तिच्या तोडीचा नेम आसपास कोणाचा नव्हता, असं तिनं सांगितलं नाही. ते मी आता स्वतःच ओळखलं. आणि रीमर कोणत्या खणात आहे ते रुडीला फोन करून तिनंच सांगितलं होतं.

मी विचारलं, मग नाव का नाही कोरलंस?

"रुडीचा म्हातारा तयार होईना. म्हणाला, पोरीच्या जातीचं लग्न होतं, आडनाव बदलतं. मग नळीवरचं काय खोडत बसायचं?"

आणि मला इतके दिवस का नाही सांगितलं?

"तू खिडकीपासून उठला होतास, आर्लो."

रडलो थोडा. तिनं माझ्या शर्टाचं बटण लावून दिलं.

८ जून

रुडीनं दोनदा विचारलं, नक्की ना? एकदा कोरलं की कोरलं. म्हटलं, कोर. आडनाव बदलतं, नाव नाही बदलत.

पॉइंट सतरा व्हर्ना. फोटो तिचा घेतला, मी कडेला आहे, अर्धा.

आत्ता ती रायफल घेऊन मिलोच्या कुरणात गेलीय. मी तिच्यासाठी रवा शिजवतोय. गुठळ्या झाल्यात. तेवढ्यात पहिला बार ऐकू आला, आणि कोंबड्या कुंपणाकडे धावत सुटल्या. भांडं उतरवून मीही निघालो.