कोरी तीन पानं

१२ नोव्हेंबर १९९७, बुधवार
स्वयंपाकघरातल्या टेबलावरून

प्रिय ऑर्विल,

आधी गुडघ्याची चौकशी. थंडी पडली की तो कुरकुरतो हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण मार्चपर्यंत दर मंगळवारी आमच्या रेडिओवर वर्तमानपत्र वाचायला सुरुवात करण्याआधी तुम्ही आम्हा सगळ्या आंधळ्यांना तुमच्या गुडघ्याचं हवामान सांगायचात. मी बरी आहे. साखर वाढलेली आहे, पण ती खाली कधी होती?

हे पत्र मी स्वतः टाइप करते आहे. अक्षरं काळी दिसत असतील तर माझ्या भाचीनं, व्हर्नानं, नवी रिबन नीट बसवली असं समजा. पहिली ओळ तिच्याकडून तपासून घेतली आणि मग तिला बाहेर पिटाळलं. "आत्या, एवढं काय गुपित लिहिणार आहेस गं?" म्हणाली. म्हटलं, तुझ्या हातच्या मक्याच्या पावाबद्दल लिहायचंय, तुझ्यासमोर नको. हसत गेली बिचारी.

रिबनचं पुराण अशासाठी की एप्रिलमध्ये मी तुम्हाला एक पत्र पाठवलं होतं. चांगलं तीन पानी. उत्तर आलं नाही. मी म्हटलं, बरोबरच आहे, मी तरी कुठे दिलं असतं. गेल्या आठवड्यात व्हर्नानं मशीन उघडलं आणि म्हणाली, "अगं आत्या, ही रिबन तर ठणठणीत कोरडी आहे! हिच्यातून वर्षभरात एक अक्षर उठलं नसेल." म्हणजे तुम्हाला माझ्याकडून तीन कोरी पानं मिळाली आणि शेवटी पेननं केलेली माझी वेडीवाकडी सही. तुम्ही काय समजलात कोण जाणे. या बाईला बोलायचं काहीच नाही आणि तेवढं कळवायला तिनं तीन पानं खर्ची घातली, असंच ना?

खरं सांगू? कोरी गेली ते बरंच झालं. त्यात मी तुमच्या टोमॅटोंची विचारपूस केली होती, नदीला आलेल्या पुराचं लिहिलं होतं, व्हर्नाच्या नव्या नोकरीचं लिहिलं होतं. जे लिहायला बसले होते ते सोडून सगळं होतं.

मंगळवारची तुमची जागा एका कॉलेजातल्या मुलीला दिली आहे. किम्बर्ली नाव. गोड आहे, पण मृत्यूच्या बातम्या अशा वाचते की जणू तिची बस सुटते आहे. मागे कोण कोण राहिलं ती नावं तर गाळूनच टाकते. दुकानांच्या जाहिराती वाचतच नाही. मी फोन करून विचारलं तर म्हणाली, "मिसेस टॅलबर्ट, कोबीचा भाव कोण ऐकतं?" मी ऐकते, म्हटलं. ज्यांना डोळे आहेत त्यांच्या पानावर कोबी आहे, मग माझ्या पानावर का नको?

ही तुमचीच शिकवण. चाळीस वर्षं तुम्ही छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी होतात. "कॉपीत आहे ते आलंच पाहिजे. कॉपीत हात घालणारा जुळारी म्हणजे दुधात पाणी घालणारा गवळी," असं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. निवृत्त होऊन तुम्ही आमच्या रेडिओच्या डब्यात आलात तेही त्याच हातानं, अक्षर न अक्षर. तुम्ही तिकडे कॉफीचा घोट घेतलात की मला ऐकू यायचं, मग मी इकडे माझा घ्यायची. अशी आपण अकरा वर्षं एकत्र कॉफी प्यायलो. किम्बर्ली कॉफी पीत नाही. माझा कप हल्ली गार होतो.

मला तुमची फार आठवण येते, ऑर्विल. एवढं एक वाक्य लिहायला मला आठ महिने लागले.

आता मार्चकडे येते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी मला एकदा माझ्या बोटांनी लिहू द्या. आपल्या दोघांखेरीज ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मी त्याचाच फायदा घेतला.

माझे वडील, लेम्युएल गेन्स, नदीवरच्या फेरीबोटीवर हमाल होते. एकोणीसशे सेहेचाळीसच्या जुलैत त्यांना शिक्षा म्हणून तीस दिवस रस्त्यावर खडी फोडायला पाठवलं. मी बारा वर्षांची होते. का पाठवलं ते घरात कुणी सांगितलं नाही. आई म्हणायची, भांडण झालं. आजी म्हणायची, तोंड सांभाळलं नाही. परत आले ते वेगळेच. त्यानंतर त्यांनी कुणालाही नावानं हाक मारली नाही. आईला "अगं", मला "पोरी". माझं नाव त्यांनीच ठेवलेलं, त्यांच्या आईचं. मी एकोणतीस वर्षांपूर्वी त्यांना पुरलं, तोवर ते नाव त्यांच्या तोंडून मला परत ऐकायला मिळालं नाही. मनात भीती होती, त्यांनी काहीतरी लाजिरवाणं केलं असणार. म्हणून तर खरं काय झालं ते शोधायला सांगताना तुम्हाला शपथ घातली की हे माझे वडील आहेत हे कुणाला कळता कामा नये.

तुम्ही वर्तमानपत्राच्या तळघरात जाऊन जुनी फाइल काढलीत. फोन केलात. "सापडलं, मिस ओझेला. घरी येऊन वाचून दाखवतो."

"नको. माणसासमोर नाही जमायचं. डब्यातून येऊ दे. जुन्या वर्तमानपत्रांच्या तासाला वाचा. मी दार लावून एकटी ऐकीन."

"त्यात एक शब्द आहे."

"गाळू नका. जन्मभर मला गाळलेलंच ऐकवलंय सगळ्यांनी."

तुम्ही मग म्हणालात, "कॉपीत आहे ते येईल."

आणि आलं. कप्तानाची बायको कोरिन कुजलेल्या फळीवर पाय ठेवत होती. माझे वडील ओरडले, "कोरिन, मागे हो!" लहानपणी दोघं एकाच स्वयंपाकघरात वाढलेली, आजी तिथे कामाला होती. बाई वाचली. काळ्या माणसानं गोऱ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारली म्हणून त्यांना पकडलं. मॅजिस्ट्रेटनं विचारलं, ही काय भाषा झाली? वडील म्हणाले, "माझ्या मनात अपमान नव्हता, साहेब. घरी माझी ओझेला आहे. ती त्या फळीवर असती तरी मी असाच ओरडलो असतो." मॅजिस्ट्रेट म्हणाला, "तुझ्या मनात काय होतं ते या कोर्टाला ऐकायचं नाही. कानावर काय पडलं तेवढं पुरे." आणि पुढच्याच ओळीत बातमीदारानं लिहिलं होतं की त्यावर तो अमुक मान खाली घालून उभा राहिला.

तो अमुक, आम्हा काळ्यांना हिणवायचा तो शब्द, मी इथे टाइप करून पाहिला. बोटं पुढे जाईनात.

माझं नाव आणि तो शब्द, दोन्ही मला तुमच्या एकाच आवाजात मिळाले. मध्ये तीन वाक्यंसुद्धा नव्हती. आधी वाटलं, वडील माझ्या टेबलापाशी उभे राहून मला हाक मारताहेत. आणि लगेच ते. मी सांगितलं होतं गाळू नका, तुमचा हेतू म्हणजे खरं तर माझाच हेतू होता, तो झऱ्यासारखा स्वच्छ होता, हे सगळं मला त्या क्षणीही ठाऊक होतं. तरी लागलं, ऑर्विल. असं लागलं की मी डब्याची वायर भिंतीतून उपटली. हेतू चांगला असला की दुखत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

तीन तक्रारी आल्या. त्यातली एक वृद्धाश्रमातल्या मिस्टर एल्झींची. ऐंशी वर्षांचा काळा माणूस, फोनवर रडला. मग रेडिओची कमिटी बसली, मीही तिच्यावर होते. ते कलम तुम्हाला वाचून दाखवलं: कोणता शब्द कोणत्या हेतूनं उच्चारला याची चौकशी कमिटी करणार नाही. ते कलम माझं. दोन वर्षांपूर्वी एका मुलानं रेडिओवर आम्हा काळ्या लोकांची नक्कल केली आणि वर "गंमत केली हो" म्हणाला, तेव्हा मीच टेबलावर हात आपटून म्हटलं होतं, "त्याच्या मनात काय होतं ते देवाला ठाऊक. माझ्या कानात काय पडलं ते मला ठाऊक." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या मुलाच्या बाबतीत मी आजही तेच म्हणेन.

कमिटीच्या अध्यक्ष मिसेस लीडींनी तुम्हाला विचारलं, का वाचलंत? तुम्ही म्हणालात, "कॉपीत होतं." बस्स. मी दोन खुर्च्या सोडून बसले होते. "तिला विचारा" एवढे दोन शब्द तुम्ही बोलला असतात तर सुटला असतात. तुम्ही मला दिलेला शब्द पाळलात आणि मी मूग गिळून बसले. मतं दोन विरुद्ध दोन झाली. कमिटीत काळी मी एकटी. मिसेस लीडी म्हणाल्या, "ओझेला, हे तुमच्यावर सोपवतो. तुम्ही म्हणाल तसं."

मी तुमच्या विरुद्ध हात वर केला. तुम्ही माझा हात पाहिलात. मला तुमचा चेहरा पाहता आला नाही. फक्त खुर्ची मागे सरकली आणि तुम्ही म्हणालात, "येतो, मिसेस टॅलबर्ट." सहा वर्षं मिस ओझेला म्हणत होतात, त्या दिवशी पुन्हा मिसेस टॅलबर्ट.

का केलं? आठ महिने स्वतःला सांगत होते की नियम तो नियम. खोटं आहे. तुमच्या बाजूनं हात वर केला असता तर कारण सांगावं लागलं असतं, आणि वडिलांची गोष्ट चारचौघांत काढायची मला लाज वाटली. त्यांची लाज, ऑर्विल! ज्यांनी एका बाईचा जीव वाचवला त्यांची. आणि दुसरं, मला राग आला होता. तो त्या मॅजिस्ट्रेटवर होता, बातमीदारावर होता, पन्नास वर्षं गप्प बसलेल्या माझ्या घरावर होता. ते सगळे मेलेले. हाताशी तुम्हीच होतात. मॅजिस्ट्रेटचं वाक्य दहा दिवसांपूर्वी ऐकलेलं, आणि तेच वाक्य मी हात वर करून तुम्हाला सुनावलं.

खाई त्याला खवखवे. कोऱ्या पानांचं कळल्यावर मला घरात बसवेना. शुक्रवारी व्हर्नाला घेऊन मिस्टर एल्झींकडे गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. म्हातारा ऐकत राहिला. मग म्हणाला, "पोरी, आधी सूचना दिली असती तर मी मन घट्ट करून बसलो असतो, नाहीतर डबा बंद केला असता. न विचारता शिरला तो शब्द खोलीत, म्हणून रडलो." मी म्हटलं, वाचणाऱ्याला आम्ही काढून टाकलं. तर म्हातारा खाटेवर उठून बसला. "काढलं? अगं, मी तर फक्त रडायला फोन केला होता!"

सोमवारी कमिटी होती. मी उभी राहिले आणि वडिलांचं नाव घेऊन सुरुवात केली. लेम्युएल गेन्स यांची मी मुलगी. सगळं सांगितलं. म्हटलं, दुखलं म्हणणाऱ्याचं ऐका, पण ज्यानं उच्चारलं त्यालाही विचारा, का बाबा? विचारून मग काय शिक्षा द्यायची ती द्या. माझ्या वडिलांना कुणी विचारलं नाही. तुम्हाला विचारलं खरं, पण उत्तर खिशात ठेवून मी बसले होते.

मग मिसेस लीडी हळूच म्हणाल्या, "पण ओझेला, कलम तर तुम्हीच लिहिलं होतं ना?" मी म्हटलं, "लिहिलं होतं. तेव्हा मला वाटलं, मनात डोकावायचं काम फार अवघड आहे. अजूनही अवघडच वाटतं. पण अवघड आहे म्हणून सोडून द्यायचं नसतं." पुन्हा मतं घेतली. कलम राहिलं. तुम्ही लेखी माफी मागितलीत तर तुमचा अर्ज विचारात घेऊ म्हणाले. मी सांगितलं, ऑर्विल स्टॅम्पर कुणाची माफी मागणार नाहीत, माफी त्यांची मागायची आहे. आणि राजीनामा देऊन, काठी टेकत घरी आले.

तेव्हा रेडिओवर तुम्हाला परत आणणं माझ्या हातात राहिलेलं नाही. माफी मागणं आहे. माझं चुकलं, ऑर्विल. मला क्षमा करा.

अजून एक. त्या दिवशी मी टेप लावून ठेवली होती. वायर उपटेपर्यंतचं सगळं तिच्यावर आहे. मी ती हल्ली रोज ऐकते. तो शब्द यायच्या आत थांबवते. "घरी माझी ओझेला आहे" एवढंच ऐकते, मागे नेते, पुन्हा ऐकते. आवाज तुमचा आहे. वडिलांचा कसा होता ते मला आता आठवत नाही, त्यामुळे त्यांचाही तोच.

उत्तर लिहू नका. लिहिलंत तर ते मला व्हर्नाकडून वाचून घ्यावं लागेल. येत्या मंगळवारी दहा वाजता वर्तमानपत्र घेऊन या. मृत्यूच्या बातम्या, मागे राहिलेल्यांची नावं आणि कोबीचा भाव, सगळं वाचा. कॉफी मी ठेवते. यायचं नसेल तर नका येऊ, मी बोल लावणार नाही. दोन कप मात्र मांडलेले असतील.

दार उघडं ठेवीन. घंटा वाजवू नका, घंटेवरून मला माणूस कळत नाही. उंबऱ्यात उभं राहून नावानं हाक मारा.

वाट पाहणारी,
ओझेला