ठिपक्याचं ताट

रविवार, १२ जून २०२२, चाकण

तर काय, पोटच्या पोराला कुणी असं वेगळं ताट देतं का? आज फोनवर बहिणीला, रेखाला परत हेच म्हणलो. लॉकडाऊनमधी कसाबसा गावाकडं, ईटला पोचलो, तर आईनं माझी खाट गोठ्यात टाकली आन माझ्या ताटाला रेखाच्या नेलपॉलिशचा तांबडा ठिपका लावला. घरात कुणी चुकून घेऊ नये म्हणून. दोन वर्षं तो ठिपका डोक्यातनं गेला न्हाय. आईशी बोललो न्हाय, दिवाळीला गेलो न्हाय.

रेखा माझ्याहून धाकटी, पण आज उखडलीच. "नवरदेवावानी रुसून बसलास, दादा! तुझं जेवून झालं की आई त्याच ताटात जेवायची. रोज. न धुता."

म्हणलं, "खोटं बोलू नको."

"मला शपथ घातली होती. तू वरडशील म्हणून. म्हणायची, त्याला एकट्यालाच कसं वेगळं जेवू द्यायचं?"

म्हणजे ठिपका बाकीच्यांसाठी होता. आन मी? जेवण झालं की ताट पायानं सरकवायचो. हो, पायानं. लिहायची पण लाज वाटती. एकदा मुद्दाम अर्धी भाकरी टाकली होती ताटात. ती पण तिनंच खाल्ली असंल का?

रेखा म्हणती, आई अजून त्याच ताटात जेवती, ठिपका निम्मा निघालाय. मगाशी आईला फोन लावला. तिचं "हालो" ऐकलं आन कापला. काय तोंडानं बोलू? उद्या तिच्या नावानं पैसे पाठवतो, पहिल्यांदाच. खिशात हायेत तेवढे सगळे. अकराशे रुपये.