शनिवारची खुर्ची

डोंबिवली पूर्व,
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

प्रिय केनेथ,

तू बरा आहेस असं धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. फोन उचलत नाहीस, मेसेज बघत नाहीस. मागे आंबिवलीला तुझ्या घरी आले होते तर "ऑफिसचं काही बोलू नको" म्हणून दारातूनच कटवलंस. म्हणून हे पत्र. उद्या येऊन दाराखालून सरकवणार आहे. न वाचता फाडू नकोस, इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसले त्याचा तेवढा तरी मान ठेव.

घरी सगळे ठीक. आई अजून विचारते, तो नाताळाचा केक आणणारा मुलगा कुठे गेला. मी विषय बदलते.

आता कामाचं. नोकरी सोडताना तू मागे ठेवून गेलास ते डायलिसिस केंद्राचं सॉफ्टवेअर अजून पायथनच्या जुन्या, दोन नंबरच्या व्हर्जनवर चालतंय. महिनाअखेर तो सर्व्हर बंद होतोय आणि नव्यावर फक्त तीन नंबरचं चालतं. कमलेश सर म्हणतात, एका रविवारात उरकून टाका. मी म्हटलं, जुनं आणि नवं काही दिवस शेजारी शेजारी चालवू, दोघांनी लावलेले पेशंटचे नंबर रोज ताडून बघू, मग जुनं बंद करू. तर म्हणाले, "विनिता, कोड बदलतेयस की पत्रिका जुळवतेयस?" सगळे हसले. मीही हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. अरे, इथे कुणाचा नंबर चुकला तर तो माणूस सुजतो, त्याला धाप लागते. हे मी कुणाला आणि किती वेळा सांगू?

त्यात तुझा कोड. टीप म्हणून एक ओळ नाही आणि प्रत्येक फंक्शनला खाडीतल्या माशाचं नाव. मी वरणभात खाणारी बाई, मला निवटी काय आणि बोय काय.

चाचणीत एक गडबड सापडली. आठवड्यातून तीनदा येणाऱ्यांसाठी तू सात भागिले तीन केलंयस. जुनं व्हर्जन वरचा अपूर्णांक टाकून देतं, म्हणून बरोबर एक दिवसाआड नंबर लागतो. नवं तो जपून ठेवतं. मग मंगळवार सकाळपासून मोजत गेलं की तिसरा नंबर शनिवारी रात्री पडतो. तेव्हा केंद्राला कुलूप असतं, आणि तुझा प्रोग्राम तो नंबर गुपचूप गाळतो. ही एक जागा मी दुरुस्त केली. पण असे भागाकार जागोजागी आहेत, आणि कुठला तू मुद्दाम तसा ठेवलास ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

माशांचं कोडं मात्र सुटलं. माजिवड्याच्या केंद्रात खिडकीजवळच्या खुर्चीवर एक आंटी असतात, त्यांना सहज विचारलं. म्हणाल्या, "निवटी ना बाय? पाणी ओसरलं की चिखलावर येते. जागा मोकळी दिसली की पळाली." परत येऊन बघितलं तर कुणी आलं नाही की त्याची खुर्ची पुढच्याला देणारं फंक्शन तेच. पुढच्या खेपेला त्यांनी मला विचारलं, ही नावं कोणी ठेवली. मी मशीनवरचे आकडे वाचायला लागले. त्यांनी ओळखलं. नळ्या लावलेला हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने डोळे पुसले.

केनेथ, त्या आंटी म्हणजे तुझी मम्मी.

पावसाळ्यापासून कॉन्स्टन्स आंटींचं डायलिसिस चालू आहे. मंगळ, गुरु, शनि. कोलशेतहून एकट्या रिक्षाने येतात. तुला कळवायचं नाही अशी मला मदर मेरीची शपथ घातली होती. "आई मरतेय म्हणून आलेला पोरगा मला नको," म्हणाल्या. "मी होडी विकली म्हणून गेला ना? होडी विसरला की येऊ दे."

म्हणून मी कोडचं निमित्त करून तुला बोलवायला बघत होते. वरची सगळी पानंही त्यासाठीच. कोड मी बघून घेईन रे, रात्री जागून करीन.

त्यांना हसवायला म्हणून मी म्हटलं होतं, "आंटी, नव्या व्हर्जनने तुमचा शनिवारच खाल्लेला, मी परत लावला." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "राहू दे ना बाय. मशीन बोलतो नको, तर नको." आणि गेल्या शनिवारी त्या आल्याच नाहीत. तुझ्या निवटीने त्यांची खुर्ची दुसऱ्या पेशंटला दिली. प्रोग्राम अगदी बरोबर चालला.

मंगळवारी आल्या तेव्हा चेहरा ओळखू येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, पुन्हा चुकवलंत तर हृदय साथ देणार नाही. आज जाताना माझा हात धरून म्हणाल्या, शनिवारी वाट बघू नको.

मी खूप घाबरले आहे. मी समजावलं, सिस्टर ओरडल्या, त्या फक्त मान हलवतात. माझं ऐकत नाहीत. त्यांना माझं ऐकायचंच नाहीये.

शनिवारी सकाळी उजाडताच कोलशेतला जा. होडीचं नाव काढू नकोस. रिक्षा कर आणि त्यांना घेऊन माजिवड्याला ये. कुणी सांगितलं विचारलं तर माझं नाव सांग. मग त्या माझ्याशी कधी बोलणार नाहीत. नाही बोलल्या तरी चालेल, पण त्या खुर्चीवर बसून माझ्यावर रागावू देत.

तुझ्या आईला दिलेला शब्द मोडलेली,
विनिता