चौथी लिफ्ट, मागचा दोर

माननीय साडूभाऊंना,

वाकून नमस्कार (गुडघ्याने परवानगी दिली तेवढाच वाकलो आहे, उरलेला समजून घ्यावा). तुमची साखर आटोक्यात असेल, ताईंची कंबर पूर्वीसारखी कुरकुरत नसेल आणि तुमच्या इमारतीचं सेक्रेटरीपद तुम्ही अजून कुणाच्या तरी गळ्यात घातलं नसेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत, असं लिहायला बसलो होतो, पण मजेत आहोत की नाही हेच मला कळेनासं झालंय. फोनवर बोललो असतो, पण माझा फोन लिफ्टच्या खड्ड्यात पडून फुटला आणि घरात उरलेला एकमेव फोन तुमच्या मेहुणीच्या ताब्यात असतो. शिवाय विषयच असा आहे की तिच्यासमोर बोलण्याची सोय नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, ही टपाल कचेरीत पत्ता न सापडलेल्या पत्रांच्या टेबलावर होती. निवृत्त झाल्यावर तिला वाटलं, पत्रांसारखीच गाणीही कुणापर्यंत न पोचता पडून राहत असतील, त्यांचं कोण बघतं? झालं, तेव्हापासून ती तीच धुंडाळत बसते. त्या गाण्यांना इंडी फोक म्हणतात आणि त्यातली जी ऐकून गरगरल्यासारखं होतं त्यांना सायकेडेलिक (हा शब्द मी आधी कागदावर लिहून काढला, मगच उच्चारला). कुणी न्हाणीघरात बसून एक तार तुटलेली गिटार वाजवतं, कुणी बासरी उलटी वाजवून वर कुत्र्याचं भुंकणं ठेवतं. फोनवर हिच्यासारख्यांचा एक कंपूही आहे. त्यात एक दातांचे डॉक्टर आहेत, एक शाळेच्या बसचे ड्रायव्हर आहेत आणि एक नर्सबाई. गाणं जितकं कमी लोकांनी ऐकलेलं, तितकी यांना त्याची माया जास्त. शे-दीडशे माणसांनी ऐकलं की ते यांच्या लेखी नासलं. यात कसला आनंद, असं मी एकदा विचारलं होतं, तर तुम्हाला नाही कळायचं, असं उत्तर मिळालं. आमच्या घरात हे उत्तर बहुतेक सगळ्या प्रश्नांना चालतं.

आता मुख्य भानगड. गेल्या महिन्यात मोठ्या दवाखान्यातली चौथी लिफ्ट विचित्र आवाज करत होती, म्हणून दुरुस्तीला मला धाडलं. आमचे फोरमनसाहेब स्वतः कुठे चढत नाहीत, त्यांना आवाज भरून नेऊन ऐकवावा लागतो. माझा फोन फुटलेला, म्हणून हिचा मागून घेतला, लिफ्टच्या डब्याच्या टपावर ठेवला, आवाज भरायला लावला आणि कामाला लागलो. बंद करायचं मात्र साफ विसरलो. साहेबांना सुरुवातीचा तुकडा ऐकवला आणि फोन परत केला.

दोन दिवसांनी घरी चहा पीत बसलो होतो, तर आतल्या खोलीतून घरघर ऐकू आली. मी सवयीने ओरडलो, कुणाच्या तरी लिफ्टला तेल घालायला झालंय गं. ही बाहेर आली ती डोळे पुसतच. म्हणाली, "अहो, जरा गप्प बसून ऐका की." ऐकलं. घरघरीच्या आत, खोल विहिरीतून यावं तसं कुणीतरी गुणगुणत होतं. मग पाना खाली पडला आणि शिवी ऐकू आली. तो मी होतो. (मी काम करताना गुणगुणतो, हे मला कधी कुणी सांगितलेलं नाही. तुम्हाला ठाऊक होतं का?)

त्या फितीला मी आमच्या पद्धतीने नाव दिलं होतं, "चौथी लिफ्ट, मागचा दोर, तक्रार जुनीच." हिच्या फोनमध्ये अशी शेकडो गाणी उतरवून ठेवलेली, त्यातलंच हे एक आणि ते गाण्याचंच नाव, असं हिला वाटलं. दिवसभर म्हणत होती, "तक्रार जुनीच! दोन शब्दांत केवढं सांगून गेलाय हा माणूस." तिने ते कंपूला धाडलं. डॉक्टरांनी दोन दाढांच्या मध्ये ऐकलं आणि पुढच्या पेशंटला ताटकळत ठेवलं. ड्रायव्हरसाहेबांनी कळवलं की मागचा दोर म्हणजे माणसाचा भूतकाळ. (मागचा दोर म्हणजे मागचा दोर, साडूभाऊ. तो झिजला होता, मी बदलला.)

तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. रात्री जेवताना ही म्हणते, "एकटाच असेल हो बिचारा. वेळेवर जेवत असेल का?" आणि मी समोर बसून दुसऱ्यांदा वाढून घेत असतो. माझ्या गुडघ्याची चौकशी नाही, आणि त्याच्या जेवणाची काळजी. मला त्या माणसाचा मनापासून राग येतो, आणि तो माणूस मीच असल्यामुळे राग काढायचा कुणावर हे समजत नाही. सांगून टाकावं, तर ती म्हणेल, "अय्या, तुम्ही होय," आणि गाण्याची पुन्हा घरघर होईल. न सांगावं, तर ती जन्मभर त्यालाच ऐकत बसेल. साडूभाऊ, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझं बोलणं तिने असं डोळे मिटून कधी ऐकलं नव्हतं. ते मला हवंसं वाटतं, आणि हे असं लिहायला मला लाज वाटते.

मध्यंतरी न्हाणीघरात बादली फिरवत गुपचूप तिच्याच फोनवर दुसरं गाणं भरलं आणि तिथेच ठेवून दिलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, हा कुणीतरी नकल्या दिसतो, मूळ माणसाचं दुःख यात नाही. मी दुपारभर नाराज होतो.

असो. बाकी सर्व क्षेम. ताईंना नमस्कार सांगावा.

आपला गोंधळलेला,
साडू

ता. क. : पत्राचं खरं कारण राहिलंच. कंपूला त्या गायकाचं दुसरं गाणं हवंय आणि दवाखान्यातली लिफ्ट मी दुरुस्त करून बसलोय, ती आता हूं की चूं करत नाही. तुमच्या इमारतीची लिफ्ट कण्हते म्हणून तुम्ही वर्षभर माझ्यामागे लागला आहात. मी आजवर टाळलं, त्याबद्दल माझे आभार माना. तिला कुणाचाही हात लावू देऊ नका, तेलाचा थेंबही नको. रविवारी मी एकटाच येतो.

ता. क. दोन : ही आत्ता येऊन थोडा वेळ माझ्या खांद्यामागे उभी होती, मग शेजारच्या खुर्चीत बसली. कुणाला लिहिताय, म्हणाली. साडूभाऊंना, तब्येतीची चौकशी, असं मी सांगितलं. त्यावर म्हणाली, "रविवारी मीही येते. लिफ्ट आहे तशीच ठेवा म्हणावं त्यांना." मी तिला रविवारचंही बोललो नव्हतो आणि लिफ्टचंही, आणि तुम्ही सांगितलं असणं शक्य नाही, कारण पत्र अजून माझ्याच हातात आहे. मला काही कळत नाही. आता ती डोळे मिटून बसली आहे. झोप आली का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "नाही हो. तुम्ही लिहा सावकाश, आणि ते गुणगुणणं थांबवू नका."