काचेवानी कोरा रोल

वालूर,
दि. १६ फेब्रुवारी १९८६

दोस्त सूर्यभान यास बन्सीधरचा रामराम. छबूवहिनीला बी सांग. तुमी दोघं फडावर बरे असाल असं धरून लिहायलोय.

मी बाटलीतलं औषध बदललं. पैलं हेच लिहितो, न्हाईतर शेवटपर्यंत लिहिणं व्हायचं न्हाई. फोटोचा रोल धुयाच्या पंडितच्या डेव्हलपरच्या बाटलीत मी हायपो भरला. मुद्दाम. हसत हसत.

तुला वाटंल ह्याचे असले धंदे शाळेपासून चालू हायत, गुरुजीच्या तपकिरीत तिखट कालवलं व्हतं, ह्यात नवं काय. थांब, पुरं वाच. आन हे पत्र दुसऱ्याकडून वाचून घेऊ नको. एकेक अक्षर लाव, पर तूच वाच.

पंडित तुला मालूम न्हाई. तू उसाला गेल्यावर आला. स्टुडिओच्या मालकाचा, आमच्या माणिकरावचा भाचा. औरंगाबादला तीन महिने कोर्स केला आन आल्या आल्या मपल्या डोक्यावर बसला. सात वर्षं झाली, त्या अंधाऱ्या खोलीत औषध मी बनवतो. तराजूत पुड्या तोलायच्या, कोमट पाण्यात एकामागं एक इरघळायच्या, घाई करायची न्हाई. उन्हात काळं पडलेलं तोंड त्या औषधात असं उतरतं की कपाळावरच्या रेघा मोजून घ्याव्या. आन ह्यो शहाणा म्हणतो, हे जुनाट झालं, कंपनीचं तयार पाकीट आणा, कातरा, पाण्यात टाका. बाजारच्या दिवशी गिऱ्हाइकापुढं म्हणला, बन्सी फोटो धुत न्हाई, कालवण करतो. समदे हसले. मी बी हसलो. आतून मातर जळायलो व्हतो. आजून बी जळायलोय, लिहिताना कागद फाटायलाय बघ.

शेवटी माणिकराव मधी पडला. म्हणला, एक रोल बन्सीनं त्याच्या औषधात धुवावा, एक पंडितनं पाकिटात. ज्याचे चेहरे चांगले उतरतील त्याचंच औषध कायमचं. त्यासाठी आमी दोघांनी एकेक रोल काढून ठिवला. शेळ्या, पानपट्टीवाला, माणिकरावचं टक्कल. वाया गेला तर कुणाचं काय जायचं न्हाई.

सकाळी पंडित चहाला गेला आन मी बाटली बदलली. दोनी औषधं दिसायला पाणीच. हायपोला वास असतो, पर पंडितला सर्दी झाल्याली. रोल धुताना लाल दिवा सुद्धा चालत न्हाई, काळाकुट्ट अंधार लागतो. आन हायपो डेव्हलपरच्या मागून लागतो, त्यात पैलेच रोल गेला की त्याच्यावरचं समदं निघून जातं. मंग कायबी करा, परत येत न्हाई. अर्ध्या घंट्यानं पंडित बाहेर आला तर हातात रोल काचेवानी कोरा. कडेचे नंबर सुद्धा न्हाईत. माणिकराव म्हणला, पाकीटच मेलेलं निघालं. मी तोंडात गमछा कोंबून हसलो.

तेवढ्यात माणिकरावची नजर टेबलावर गेली. म्हणला, “शेळ्यांचा रोल तर हितंच हाय. मंग धुतला कोणता?”

बुधवारच्या बाजाराचा धुतला व्हता. शेळ्या धुवून काय करायच्या, त्यापरीस कामाचा रोल धुवावा, असा पंडितनं इचार केला. बारा फोटोचा रोल. चौथा फोटो तुपल्या मायचा.

आता शिव्या दे. म्या बी दिल्या, पंडितला, माणिकरावला, त्या सर्दीला. खरं सांगू, त्यो रोल धुयाचं काम मपलं व्हतं. पंडितवर रुसून मीच आठ दिवस खणात पडू दिला. धुतला असता तर आज तुझ्या खिशात माय असती.

सूर्या, मला तुझा बी राग येतो. तूच सांगून गेलास, मायचा फोटो काढून ठिव, आल्यावर भिंतीला लावू. ती कुठं तयार व्हती. फोटो काढला की माणूस लवकर जातं म्हणायची. तरी तू सांगितलं म्हणून आली. हिरवं नवं लुगडं, घडीच्या रेघा तशाच. खुर्चीच्या कडेला टेकली, आत्ता उठून जायचं असल्यावानी. मी म्हणलं, काकी, जरा हसा. तर म्हणली, “हसू नको रं बाबा. सूर्या म्हणंल, माझ्या माघारी माय लय मजेत हाय.” आन म्हणता म्हणता हसली. तेवढ्यात मी बटन दाबलं. ते हसू त्या रोलवर व्हतं. दुसरं कुठंच न्हाई.

बाकीच्या अकरा जणांना पुढल्या बाजारी बोलावलं, समदे आले. काकीला सांगायला मी घरी गेलो. तुझा बाप, आबा, रानात व्हता. फोटो हलला, परत बसावं लागंल, असं खोटंच बोललो. तिला ताप व्हता. म्हणली, बरं वाटलं की येते. रविवारी गेली.

तार तुला चौथ्या दिवशी भेटली आन तुझा मुकादम म्हणला, माती झाली, आता जाऊन काय करतोस. त्याच्या नरड्यात हायपो वतावा वाटतो मला. तू तरी का ऐकलंस त्याचं? जाऊ दे. मी कोण इचारणारा.

दहाव्याला आबानं चार माणसांत इचारलं, “बन्सी, फोटो झाला का रं?” मी हो म्हणून बसलो. तोंडातून निघूनच गेलं.

मंग काय करावं? झरीहून तुझी धुरपतामावशी आली व्हती. तोंड काकीवानीच, नाक तेवढं बसकं. तिला बाजूला घेतलं, रोल खराब झाल्याचं सांगितलं. कुणी केला ते न्हाई सांगितलं. लय रडली. मंग काकीचंच हिरवं लुगडं नेसून त्याच खुर्चीवर बसली. मी तीन दिवस खपलो. निगेटिव्हवर पेन्सिलीनं नाक सरळ केलं, फोटोवर शाईनं हनुवटीचं गोंदण भरलं. समदं जमलं, हसू जमलं न्हाई.

आबानं फोटो भिंतीला लावला. नजर कमी झालीय त्याची. रोज सकाळी फोटोपुढं बसून रानातलं सांगतो, हरभऱ्याला घाटे धरले, वासरू चारा खायला लागलं. परवा मला म्हणला, “बन्सी, ही इतकी गप कवाच नव्हती रं.” मी चहा तसाच ठिवून उठलो. बाहेर येऊन भिंतीवर हात आपटला, आजून सुजलाय.

पंडितला माणिकरावनं घालवून दिला. जाताना मला म्हणला, तुझंच औषध खरं, माझ्या हातानं त्या बाईचं तोंड गेलं. मी तराजूत पुड्या तोलत ऱ्हायलो. आता स्टुडिओत मपलंच औषध चालतं. जिंकलो मी. थू असल्या जिंकण्यावर.

आन त्यात तुझं पत्र आलं. आबानं कळवलं फोटो लय चांगला झालाय, तर एक कापी धाड. काय धाडू? आबा फसला, तू एका नजरंत वळखशील ही मावशी हाय म्हणून. तुला मी फसवू शकत न्हाई, म्हणून हे लिहायलोय.

पाकिटात कागदात गुंडाळलेला एक कोरा तुकडा हाय. फेकू नको. मोजून कापलाय, चौथा फोटो त्योच. उजेडाला धरशील तर पल्याडचा ऊसच दिसंल. पर त्याच्यावर तुझी माय हसली व्हती. मी बघितलंय.

फड उठल्यावर देवगाव फाट्याला येऊन उभा ऱ्हातो. गाडीतून उतरलास की तिथंच मार मला, हात वर करणार न्हाई. पंडितला मी मपल्या तोंडानं सांगंन, तेवढी हिंमत येऊ दे. पर घरी गेलास की त्या फोटोला माय म्हण. आबाला ऐकू जाईल असं म्हण. छबूवहिनीला बोलू नको, मावशीला कळू देऊ नको, हा कागद चुलीत घाल. तुझ्या पाया पडतो सूर्या, कुणाला सांगू नको.

तू दोस्त म्हण न्हाईतर नको म्हणू,
तुझाच,
बन्सी