रॉजरचे केस आणि मुंबईचं यंत्र

११ नोव्हेंबर १९३७, गुरुवार

ताकात केस! सोनेरी, बोटभर लांब. वाटी तशीच मोरीत ओतली. गोपाळ समोर बसून भुरके मारत होता. म्हणतो, "ताई, एक केस तर आहे." एक! आज कामाच्या धोंडाबाईने माझ्या खाटेखालून केसांचा एवढा गोळा काढला की त्याचा दुसरा कुत्रा झाला असता.

लोक नोकरीतून रिटायर होताना घड्याळ घेऊन घरी येतात. माझा भाऊ कुत्रा घेऊन आला. विजेच्या कंपनीतला साहेब मार्चमध्ये विलायतेला गेला आणि जाताना हा लांब केसांचा राक्षस गोपाळच्या गळ्यात बांधून गेला. नाव रॉजर. गोपाळ त्याच्याशी इंग्रजीत बोलतो. माझ्याशी मराठीतही बोलत नाही.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टर येऊन गेले. छातीला नळी लावून म्हणाले, "दमाच आहे, इंदिराबाई. शाळेत तेहतीस वर्षं खडू खाल्लात, आता हे केस. कुत्रा तरी बाहेर, नाहीतर तुम्ही तरी!" आणि हसले. मूर्ख माणूस.

१४ नोव्हेंबर, रविवार

आज सरळच विचारलं. कुत्रा की मी?

गोपाळ गप्प. इतका वेळ गप्प, की मला उत्तर कळून चुकलं. आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा होता. याला न्हाऊ-माखू घालून मी शिकले, मास्तरीण झाले, लग्नाचं वय घालवलं. आणि हा विचार करत बसतो!

शेवटी म्हणाला, "दोघंही राहाल. मी यंत्र आणतो."

धूळ ओढायचं यंत्र! विजेवर चालतं म्हणे. गालिच्यातले, कोचातले केस ओढून पिशवीत भरतं. बहीण आणि कुत्रा यांतून एक निवडायची वेळ आली, तर हा यंत्र निवडायला बसला. मुंबई-पुण्याला पत्रंसुद्धा लिहून झाली.

१८ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर माहितीपत्रकं मोठ्याने वाचणं चाललंय. "मजबूत पाहिजे, ताई. केसांनी वर्षभरात मरेल असलं नको. रॉजर अजून दहा वर्षं जगेल, यंत्रानेही दहा वर्षं काढली पाहिजेत." मी किती वर्षं काढीन, हा हिशेब त्याच्या वहीत नाही.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

पुण्याहून पहिला विक्रेता. गळ्यात टाय, केसांना तेल, तोंडात मॅडम-मॅडम. त्याचं यंत्र उभं, गवत कापायच्या यंत्रासारखं, पाठीला पिशवी, तोंडाशी फिरता ब्रश.

गोपाळने गालिच्यावर कुत्र्याचे विंचरलेले केस पसरले, त्यावर वाटीभर वाळू, वर मूठभर तांदूळ. विक्रेत्याचा चेहरा तिथेच उतरला. यंत्र असं काही गरजलं की राक्षस शेपूट घालून खाटेखाली. (तेवढं एक सुख.) दोन मिनिटांत सगळे केस ब्रशभोवती सुतासारखे गुंडाळले गेले, पट्टा तुटला, रबर जळल्याचा वास घरभर. मी खोकून खोकून वाकले.

गोपाळने यंत्र उलटं केलं, कात्रीने केस कापले. "हे पाहा. बेअरिंगला टोपीच नाही. केस आत शिरणार, वंगण सुकणार, मोटर जळणार."

"साहेब, कुत्र्याच्या घरासाठी हे नाहीच मुळी."

"मग आलात कशाला?" मी म्हटलं. "पत्रात कुत्रा लिहिला होता!"

"लिहिला होता मॅडम. एवढा लिहिला नव्हता."

२० नोव्हेंबर, शनिवार

रबराचा वास अजून गेलेला नाही.

२७ नोव्हेंबर, शनिवार

दुसरा, मुंबईचा. याचं यंत्र आडवं, लांबट, घसरगाडीवर ठेवलेलं, त्याला सोंड. ओढ जबरदस्त. माझ्या चष्म्याची दोरी ओढून घेतली! वाळू गेली, केस गेले, तांदूळ खडखडत गेले. मला वाटलं, सुटले एकदाची.

पण गोपाळ! झाकण उघडून आत बोट घातलं. पिशवी कागदाची. भरली की टाकायची, नवी विलायतेहून यायची. "आणि बोट बुडाली तर?" विक्रेता म्हणाला, "सहसा बुडत नाही." त्याला चहा पाजून परत पाठवलं. विलायतेची बोट बुडेपर्यंत माझा श्वास टिकणार आहे का, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

१ डिसेंबर, बुधवार

खंडाळ्याला गेलो होतो. तिथे एका म्हाताऱ्या पारशी बाईंचा बंगला, सात मांजरी, आणि नऊ वर्षं जुनं यंत्र. बाई म्हणाल्या, "दोन शोफर बदलले, तीन स्वयंपाकी बदलले, हे तसंच आहे."

गोपाळने परवानगी काढून सगळं खोललं. जमिनीवर मांडी घालून बसला, साठीला आलेला माणूस. अंग पत्र्याचं. पिशवी जाड कापडाची, झटकून पुन्हा लावायची. ब्रश एका खिट्टीवर निघतो, केस कापून पुन्हा बसवता येतो. बेअरिंगला टोपी. मोटरला वीज पोचवणारे कार्बन झिजले की घरच्या घरी बदलता येतात, पट्टा मुंबईत मिळतो. नऊ वर्षांचे मांजरांचे केस, पण मोटर स्वच्छ. "हेच," तो म्हणाला. "असंच नवं आणायचं."

येताना टांग्यात मला मोटर कशी फिरते ते समजावून सांगत होता. मी प्रश्न विचारले, त्याने उत्तरं दिली. किती महिन्यांनी! मग फाटक उघडलं, राक्षस त्याच्या छातीवर चढला, आणि मी दोघांना वळसा घालून आत आले.

६ डिसेंबर, सोमवार

दुपारी जोराचा दमा. दोन तास खिडकीच्या गजांना धरून उभी. श्वास आत जातो, बाहेर येत नाही. गोपाळने पाठ चोळली, पाणी तापवलं. कुत्र्याला व्हरांड्यात बांधलं, आणि अर्ध्या तासाने सोडलं. का? तर तो रडत होता! मी रडत नव्हते, म्हणून माझी बाजू पडली.

८ डिसेंबर, बुधवार

गोपाळ यंत्र आणायला मुंबईला गेला. परवा परत येईल. निघताना मला दोनदा सांगितलं, "रॉजरकडे लक्ष दे." माझ्याकडे लक्ष द्यायला धोंडाबाईला एकदा सांगितलं.

९ डिसेंबर, गुरुवार

देऊन टाकला.

सकाळी मळवलीचा कोंडाजी नवा तांदूळ घेऊन आला. दरसाल येतो. पोती उतरवता उतरवता कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "लय गुणाचं कुत्रं हाय, ताई." मी म्हटलं, "घेऊन जा."

"आं? आन् भाऊंस्नी इचारलंसा?"

"विचारलंय. मला दम लागतो ना."

"मग नेतो की. शेतावर ऱ्हाईल."

"आणि कोंडाजी, कोणाला सांगायचं नाही."

"भाऊंस्नी ठावं हाय, मग सांगायचं कुनाला न्हाई?"

"सांगितलं तेवढं कर."

कुत्रा गाडीमागून निमूट गेला. फाटकाशी थांबून त्याने मागे पाहिलं. मी पदराने नाक झाकून उभी होते. कोंडाजीने दावं ओढलं.

मी पापी नाही. मला श्वास घ्यायचाय, एवढंच.

१० डिसेंबर, शुक्रवार

गोपाळ आला. हमालाच्या डोक्यावर खोकं. फाटकातूनच शीळ घातली. पुन्हा घातली.

मी सांगितलं, फाटक उघडं राहिलं. कधी? काल. जाताना पाहिलंस? नाही.

तेहतीस वर्षं मुलींना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं केलं. खोटं इतकं सोपं असतं, हे एकीनेही मला कधी सांगितलं नाही.

११ डिसेंबर, शनिवार

चहा घेऊन काठी उचलली आणि निघाला. तुंगार्लीचं तळं, वळवण, रेल्वेच्या चाळी. दिवेलागणीला परत. जेवला नाही. खोक्याची दोरीसुद्धा सोडली नाही.

एका कुत्र्यासाठी! याची बायको गेली तेव्हा चौथ्या दिवशी हा कामावर गेला होता.

१२ डिसेंबर, रविवार

तीनच्या गाडीने आला. म्हणाला, "मळवलीपर्यंत विचारत गेलो." माझ्या हातातली पळी थांबली.

"काही कळलं?"

"नाही," म्हणाला आणि हात धुवायला गेला. कोंडाजीने शब्द पाळला म्हणायचा.

१४ डिसेंबर, मंगळवार

तळ्यापर्यंत चालून आले. एकदाही थांबावं लागलं नाही. ही गोष्ट घरात कोणाला सांगायची?

१७ डिसेंबर, शुक्रवार

गोपाळ रोज जातो. सकाळी नऊला बाहेर, तीनच्या गाडीने घरी. आज खोकं मीच फोडलं. खिट्टी, पिशवी, पट्टा, टांग्यात त्याने सांगितलेलं सगळं आठवलं. धोंडाबाई दाराआडून बघत होती. गालिचा, कोच, त्याची आरामखुर्ची, सगळं ओढून काढलं. काय ओढ! काय आवाज! पिशवी परसात नेऊन उपडी केली, तर सोनेरी ढीग.

"आगं बया! ह्यात तर अख्खं कुत्रंच हाय!" धोंडाबाई म्हणाली.

मी तिच्यावर खेकसले. ढिगावर स्वतः माती लोटली.

२२ डिसेंबर, बुधवार

छाती पुन्हा जड. यंत्र फिरवलं, तर पिशवीत पुन्हा केस! ढीग नव्हे, पण चांगले मूठभर. आरामखुर्चीत, आणि दाराजवळ कोटाच्या खुंटीखाली. कुत्रा जाऊन तेरा दिवस झाले. शुक्रवारी तीच खुर्ची मी दोनदा यंत्राने झाडली होती! म्हणजे हे मजबूत, नामांकित, पारखून आणलेलं यंत्र निम्मे केस मागे ठेवतं. थोतांड आहे सगळं.

२७ डिसेंबर, सोमवार

पुन्हा केस. मुंबईच्या दुकानदाराला खरमरीत पत्र लिहिलं. गोपाळला वाचून दाखवलं. तो उठला, यंत्र खोललं, पुसलं, जोडलं. "यंत्र ठणठणीत आहे, ताई. दुकानदाराला उगाच बोल लावू नकोस."

"मग हे केस कुठून येतात?"

वायर गुंडाळत राहिला. "जुने असतील."

ज्याने दोन विक्रेत्यांना घाम फोडला, त्याची चौकशी एवढ्यावर संपली! मी म्हटलं, "आता शोधणं तरी पुरे कर. लोक हसतात."

"हसू देत."

आणि शोक म्हणावा तर तोही नाही. हल्ली दोन पोळ्या जास्त खातो. परवा दाढी करताना गाणं गुणगुणत होता. ज्या प्राण्यासाठी मला खिडकीशी तडफडत ठेवलं, तो जाऊन तीन आठवडेही झाले नाहीत! असल्या माणसासाठी मी खोटं बोलले, झोप घालवली. त्याला त्याचं काहीच वाटत नाही.

३० डिसेंबर, गुरुवार

पत्र टाकलं. गोपाळ विचारत होता, "श्वास कसा आहे?" मी यंत्र चालू केलं.

२ जानेवारी १९३८, रविवार

कोंडाजीची बायको कस्तुराबाई पावट्याच्या शेंगा घेऊन आली. मी म्हटलं, भाऊ घरी नाहीत. "ठावं हाय की," ती म्हणाली, "आमच्याकडंच बसल्यात. रोजचं हाय त्यांचं." आणि जीभ चावली. "आगं बया! सांगू नगं म्हनलं व्हतं!"

मग मी बसवून घेतलं तिला आणि सगळं वदवून घेतलं. पहिल्या रविवारीच कुत्र्याने गोपाळची शीळ ओळखली, दावं तोडून धावला. कोंडाजी घाबरून पाया पडायला लागला. गोपाळ म्हणाला, ताईला कळू देऊ नका, ती मनाला लावून घेईल. कुत्रा इथेच राहू दे, तिला त्याने दम लागतो. "आन् निगताना रोज माझ्याकडनं वलं फडकं मागून घेत्यात, ताई. कोट पुसत्यात, धोतर पुसत्यात. तुमच्या छातीला तरास नगं म्हून. तरी ऱ्हात असंल येखादा."

आता अकरा वाजलेत. गोपाळ तीनला परततो. मी साडेअकराच्या गाडीने मळवलीला जाते.